पाळकाच्या साक्षीपाशी पोचले: कोर्ट-कादंबऱ्यांच्या वाचनाची आणि लेखनाची नोंद

गेल्या नोंदीनंतर दोन्ही कामं पुढे सरकली. ख्रिस्ती श्रद्धा आणि कोर्ट एकत्र आणणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांचं वाचन चालूच आहे. त्यांच्या नादानं सुरू केलेल्या माझ्या सोलापुरातल्या कादंबरीचा पहिला भाग लिहून झालाय, दुसरा निम्म्यावर आहे. वाचनानं लेखनाला कुठे धक्का दिला ते या खेपेला नीट सांगायचं आहे, कारण तुमच्यापैकी काही जण स्वतः लिहिताय.

या प्रकाराकडे नव्यानं वळलेल्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेत ख्रिस्ती कादंबऱ्यांसाठी क्रिस्टी पुरस्कार आहेत, २००० सालापासून दिले जातात. पहिल्याच वर्षी रहस्य विभागातला पुरस्कार जेम्स स्कॉट बेल यांच्या कोर्ट-कादंबरीला मिळाला होता. बेल स्वतः वकील. रॉबर्ट व्हिटलो नॉर्थ कॅरोलिनातले वकील. रँडी सिंगर व्हर्जिनियातले, वकीलही आणि पाळकही, म्हणजे चर्चचे धर्मगुरूही. लेखकांना कोर्टाचा दरवाजा आतून माहीत असल्यामुळे उलटतपासाची प्रकरणं कसदार उतरतात. श्रद्धेची प्रकरणं मात्र प्रत्येकाला तितकीच साधतात असं नाही.

व्हिटलो यांची ‘द ट्रायल’ मी पुन्हा वाचली. बायको आणि मुलं अपघातात गेलेला, जगणं संपवायच्या टोकावर आलेला वकील एका खुनाच्या आरोपीचं वकीलपत्र घेतो. यातला पुरावा एकेक करून उलगडतो ते मला फार आवडतं, आणि त्या माणसाचं हळूहळू जगण्याकडे परतणं खरं वाटतं, कारण ते खटल्याच्या निकालावर टांगलेलं नाही. सिंगर यांच्या ‘डायरेक्टेड व्हर्डिक्ट’मध्ये सौदी अरेबियात छळ होऊन मेलेल्या मिशनऱ्याची पत्नी अमेरिकेतल्या कोर्टात थेट त्या सरकारवर दावा लावते. परक्या राष्ट्रावर आपल्या कोर्टात दावा चालवता येतो का, हा मूळ प्रश्न. अमेरिकेत त्यासाठी १९७६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याच्या अपवादांवर सगळी लढाई उभी राहते. कायद्याचा इतका रुक्ष मुद्दा घेऊन वाचकाला रात्रभर जागं ठेवणं सोपं नाही. सिंगर यांचीच ‘द अॅडव्होकेट’ तर प्राचीन रोमच्या काळात घडते आणि त्यात नीरोपुढे प्रेषित पौलाचा वकील थियफिल आहे. बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय २५ मध्ये, पौल रोमी नागरिक म्हणून कैसराकडे, म्हणजे सम्राटाकडे दाद मागतो, तो प्रसंग मी लहानपणापासून शब्बाथशाळेत ऐकत आलेय. पण तो अपिलाचा अर्ज आहे, त्याला अधिकारक्षेत्राची बाजू आहे, हे या कादंबरीमुळे डोळ्यांपुढे आलं.

आता या नोंदीचं खरं कारण. एकाच नावाची दोन पुस्तकं मी लागोपाठ वाचली. एक कोर्ट-कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध जॉन ग्रिशम यांची २०१० ची ‘द कन्फेशन’, दुसरी व्हिटलो यांची २०१४ ची, तीही ‘द कन्फेशन’च. व्हिटलो यांचा नायक तरुण सरकारी वकील, आरोपींकडून कबुली काढण्यात तरबेज. त्याच्या स्वतःच्या पोटात मात्र एक जुनं खोटं दडलेलं आहे: दारू पिऊन गाडी त्यानं चालवली होती, मित्र मेला, आणि दोष मेलेल्या मित्रावर गेला. ग्रिशम यांच्या पुस्तकात कॅन्ससमधल्या टोपेका शहरातल्या लुथरन पाळकाकडे पॅरोलवरचा गुन्हेगार येतो आणि सांगतो की टेक्ससमध्ये ज्या तरुणाला फाशी होणार आहे त्यानं तो खून केलेला नाही, मी केलाय. फाशीला मोजके दिवस उरलेत. पॅरोलवरच्या माणसाला राज्याबाहेर नेलं तर पाळक स्वतः गुन्हेगार ठरतो. शेवट सांगत नाही. पण मला या सगळ्या प्रकारात जे हवं असतं ते इथे सापडलं: श्रद्धेची किंमत पडते, आणि ती कायद्याच्या चलनात चुकवावी लागते. ज्या कादंबऱ्यांत प्रार्थना केली की नवा साक्षीदार हजर होतो त्या माझ्या मनाला लागत नाहीत. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे म्हणूनच तिचा असा वापर मला खटकतो.

त्यानंतर मी एक साधा प्रश्न घेऊन बसले. हाच पाळक सोलापुरात असता तर?

अमेरिकेत धर्मगुरूकडे केलेल्या कबुलीला कायद्याचं संरक्षण आहे. त्याची सुरुवात १८१३ सालच्या न्यूयॉर्कच्या एका खटल्यात आहे. फादर कोलमन या जेझुइट धर्मगुरूमार्फत चोरीचा माल मालकाला परत मिळाला होता. तो कुणी दिला हे सांगायला त्यांनी नकार दिला आणि कोर्टानं त्यांना सक्ती केली नाही. पुढे १८२८ मध्ये न्यूयॉर्कनं तसा कायदाच केला, आणि आज तिथल्या सगळ्या राज्यांत या ना त्या स्वरूपात हे संरक्षण आहे.

आपल्याकडे ते नाही. माझ्या ओळखीच्या फौजदारी वकिलांसोबत कोर्टाच्या कँटीनमध्ये बसून मी एकेक कलम समजून घेतलं. आरोपीनं आपल्या वकिलाला सांगितलेलं सुरक्षित आहे: जुन्या पुरावा कायद्यात कलम १२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२. बायकोला सांगितलेलं सुरक्षित आहे, जुनं १२२, नवं १२८. पोलिसांपुढे दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, जुनं २५, नवं २३. आणि पाळकाला सांगितलेलं? त्याला कुठलंच कलम नाही. ती कोर्टाबाहेरची कबुली धरली जाते आणि ती पुराव्यात येऊ शकते. न्यायालयं तिला दुबळा पुरावा मानतात, तिला बाहेरचा आधार शोधतात, पण ती ऐकली जाते. पाळकानं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उत्तर द्यायचं नाकारलं तर सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद होऊ शकते.

म्हणजे माणूस चार जणांपाशी मन मोकळं करतो, आणि ज्याच्यापाशी सगळ्यात निर्धास्तपणे करतो तेवढाच एक कायद्याच्या दृष्टीनं उघडा पडतो. हे समजल्या संध्याकाळी मी आखलेलं जुनं कथानक मोडलं आणि पाळकबाबांना मध्यभागी आणलं.

आणखी एक कलम मला फार मोलाचं वाटतं. आमिष किंवा धमकी देऊन काढलेली कबुली बाद होते, पण कायदा तिथे फक्त ऐहिक, म्हणजे या जगातल्या, फायद्या-तोट्याचा विचार करतो. ‘कबूल कर, तुला सोडवतो’ हे आमिष आहे. ‘कबूल कर, देव क्षमा करील’ हे नाही. इंग्लंडमध्ये १८२८ सालच्या गिलहॅम खटल्यात तुरुंगातल्या धर्मोपदेशकाच्या उपदेशानंतर कैद्यानं दिलेली कबुली न्यायाधीशांनी ग्राह्य धरली होती. माझ्या पाळकबाबांनी कादंबरीतल्या आरोपी पोराला रात्री नेमकं हेच सांगितलेलं असतं, मनापासून. बचावाची वकीलबाई त्या वाक्यावर कबुली उडवू पाहते आणि तिला ते जमत नाही. हे प्रकरण लिहिताना माझा हात थरथरत होता.

पाळक प्रॉटेस्टंट ठेवलेत, हेही विचार करून. कॅथलिक धर्मगुरूवर चर्चच्या कायद्याचं स्पष्ट बंधन आहे, कॅनन ९८३: कबुलीतलं काहीही, कशाहीसाठी उघड करायचं नाही. त्याचा संघर्ष कोर्टाशी होतो. आमच्या मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, असं बंधन नाही. कोणी उपासनेनंतर मागं थांबतो, पाळकांशी बोलतो, दोघं प्रार्थना करतात, एवढंच. त्यामुळे माझ्या पाळकबाबांना आधाराला ना देशाचा कायदा आहे, ना चर्चचा. जे काही ठरवायचं ते त्यांच्या सद्सद्विवेकानं.

घटना सोलापूरच्या पूर्व भागातली आहे. टॉवेलच्या कारखान्यातला हिशेबनीस मरतो, पकडला जातो रात्रपाळीचा कामगार. यंत्रमागांचा खडखडाट, बीम, कांड्या, पगाराच्या दिवसाची गर्दी, हे सगळं मी जवळून पाहत आलेय म्हणून ही पानं लवकर झाली. अडलं ते काळाच्या बाबतीत. अमेरिकन कादंबरीत ज्युरी बसते आणि खटला सलग चालतो, ताण आपोआप चढत जातो. आपल्याकडे ज्युरी गेल्याला काही दशकं झाली आणि तारखा पडत राहतात. आमच्या मंडळीतले निवृत्त शिरस्तेदार काका म्हणाले, ‘अगं, रोजनामा वाच. सगळी गोष्ट त्यातच असते.’ रोजनामा म्हणजे खटल्यात प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद. त्यांचं ऐकलं. आता प्रत्येक भागाची सुरुवात रोजनाम्यासारख्या कोरड्या ओळींनी होते: साक्षीदार गैरहजर, समन्स परत, पंच फितूर, पुढील तारीख. सोलापुरात दरवर्षी भरणाऱ्या एका गड्ड्याच्या जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत खटला लांबतो, आणि तितका काळ पाळकबाबा दर रविवारी व्यासपीठावर उभे राहून उपदेश करतात. समोरच्या बाकावर आरोपीची आई, दोन बाक मागे मेलेल्याची बहीण. सलग खटल्यात हा ताण मला मिळाला नसता.

अपिलाचा भाग अजून लिहिलेला नाही. तो कोल्हापुरात घडेल. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आला. आधी आखलेली मुंबईची रात्रगाडी काढून टाकावी लागली. त्या प्रवासातला आई आणि वकीलबाईचा संवाद मला सोडायचा नाही, तो पंढरपूर-सांगोला रस्त्यावरच्या एसटीत नेईन.

उलटतपासासाठी मी सुझानाच्या कथेकडे परत गेले. कॅथलिक बायबलात दानीएलच्या तेराव्या अध्यायात ती आहे, आमच्या बायबलात नाही. दोन वडीलधारे एका निष्पाप स्त्रीवर खोटा आळ घेतात. तरुण दानीएल दोघांना वेगळं करतो आणि एकच विचारतो: कोणत्या झाडाखाली पाहिलंत? दोघं दोन वेगळी झाडं सांगतात. साक्षीदार वेगळे ठेवा, एक छोटा तपशील धरा, आवाज चढवू नका. यापेक्षा चांगला धडा मला अजून कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. वकीलबाईचा कारखान्याच्या दोन पहारेकऱ्यांचा उलटतपास याच धर्तीवर रचलाय. झाडाच्या जागी दिवा आहे: त्या रात्री मागच्या दारावरचा दिवा चालू होता की बंद.

मराठीत अशी कादंबरी कोण वाचणार, असं मला एकदोघांनी विचारलं. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. अनेक अभ्यासक तिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला १८५६ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी एका ख्रिस्ती लेखकानं विधवांच्या हालांवर कादंबरी लिहिली. कायदा, श्रद्धा आणि कादंबरी ही तिन्ही आपल्या भाषेत तेव्हापासून शेजारी आहेत. मला त्या ओळीत बसायचंय, आणि वाचक भेटतील याची मला खात्री आहे.

पुढचं काम ठरलंय: पाळकबाबांची सरतपासणी, म्हणजे साक्षीला बोलावणाऱ्या बाजूनं उलटतपासाआधी घेतलेली तपासणी. सरकारी वकील पहिला प्रश्न काय विचारेल यावर दोन मसुदे आहेत. एकात तो थेट त्या रात्रीवर येतो. दुसऱ्यात तो आधी शांतपणे विचारतो की आपण किती वर्षं या मंडळीचे पाळक आहात, आरोपीचा बाप्तिस्मा आपणच केला का. मला दुसरा जास्त घातक वाटतो. तुमच्यात कुणी सत्र न्यायालयात काम करत असेल तर एवढं सांगा: असा प्रश्न आला की बचाव पक्ष लगेच हरकत घेतो, की मुद्दाम गप्प बसतो?