लाल ठिपक्याचा पेला

गेल्या जूनमध्ये माझ्या टीबीच्या गोळ्या संपल्या. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा कोर्स मी एकही दिवस न चुकवता पूर्ण केला. बेडक्याची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा सिडकोतल्या आमच्या घरी सासूबाईंनी शिरा केला. आनंद सगळ्यांना झाला, मला मात्र झाला नाही, आणि त्याचीच लाज वाटत राहिली.

त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे लघवी केशरी होते. ती पुन्हा नेहमीसारखी दिसू लागली तेव्हा सुटकेऐवजी, आता आपला पाठीराखा गेला, अशी भीती मनात दाटली. नाशिकची थंडी सुरू झाल्यावर तर साधी उबळ आली तरी मी रुमाल उलगडून दोनदा पाहत असे आणि रात्री सगळे झोपल्यावर थर्मामीटर लावत असे.

आजाराच्या सुरुवातीला मी स्वतःच्या स्टीलच्या पेल्याला तळाशी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. टीबी भांड्यांतून नव्हे, तर खोकल्यावाटे हवेत येणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाची शक्यता बरीच घटते, हे मला पहिल्याच भेटीत समजावले होते. घरातल्यांनी मला कधीच वेगळे ठेवले नाही. वेगळी मीच राहिले. नोव्हेंबरात एकदा धाकटीने त्या पेल्यातून पाणी प्यायले आणि मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. ती रडली नाही. "आई, तू बरी झालीस ना?" एवढेच तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

उपचारानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी तपासणी असते. डिसेंबरच्या तपासणीत मी हे सारे डॉक्टरांना सांगून टाकले. एक्स-रेवर दिसणारा डाग हा भरलेल्या जखमेचा व्रण आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा घटते वजन, यांपैकी काही आढळले तर लगेच या, नाहीतर ठरलेल्या दिवशीच या, असे त्यांनी सांगितले. भीतीला अशी हद्द आखून मिळाल्यामुळे मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

पेला आता इतर पेल्यांबरोबर मांडणीवर असतो. घासून घासून ठिपका निम्मा उडाला आहे. कोणी तो उचलला की माझा हात अजूनही पुढे होतो, पण मी तो मागे घेते. पुढची तपासणी जूनमध्ये आहे.