दुसऱ्याचे मन ओळखताना

समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. हा सल्ला मला अपुरा वाटतो. १९८३ साली हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली: एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, परतल्यावर तो ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले चॉकलेट जिथे खरोखर आहे तेच कपाट दाखवतात. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यांना त्या मुलाची वेगळी समजूत लक्षात येऊ लागते. समजूत वेगळी असते एवढे कळले, तरी ती नेमकी कोणती हे मात्र मोठ्यांनाही कल्पनेने कळत नाही. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एपली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या २५ प्रयोगांत, स्वतःला दुसऱ्याच्या जागी कल्पून लोकांचे अंदाज अधिक अचूक झाले नाहीत; प्रत्यक्ष बोलल्यावर झाले.

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या वेळी याचा प्रत्यय आला. तळमजल्यावरच्या काकू संमतिपत्रावर सही करीत नव्हत्या. ज्यांना जागा अपुरी पडत होती ते म्हणत, काकूंना जास्त जागा हवी असेल. ज्यांचा मुलांशी वाद होता त्यांना त्यामागे काकूंचा मुलगा दिसे. आणि आम्हा तरुणांना वाटे, जुन्या आठवणी सुटत नसतील. प्रत्येकाने आपलेच मन काकूंना बहाल केले होते. भरसभेत विचारले असते तर त्या गप्पच राहिल्या असत्या, असे मला वाटते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एका दुपारी त्यांच्यासोबत मेथी निवडत बसल्या, तेव्हा काकू म्हणाल्या, "सकाळी सातपर्यंत माझं दार उघडलं नाही, तर शेजारची येऊन कडी वाजवते. तिकडे बाराव्या मजल्यावर कोण वाजवणार?"

यातले काहीही आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. काकूंचे आणि त्या शेजारणीचे अशी दोन्ही घरे एकाच मजल्यावर, समोरासमोर असावीत, ही अट करारात घालण्याचा आग्रह आता समितीने धरला आहे. सही अडलेल्या दुसऱ्या एका बिऱ्हाडाकडेही वहिनीच गेल्या; तिथला प्रश्न आम्ही समजत होतो तसा भाड्याच्या रकमेचा नव्हता, मुलीच्या दहावीच्या वर्षात घर हलवावे लागण्याचा होता.