डीजेनं ज्योत विझली, कापूस नाही

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या शाळेतल्या पोरांनी आवाजानं आग विझवायचं ठरवलं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सेथ रॉबर्टसन आणि विएत ट्रॅन या दोन विद्यार्थ्यांनी २०१५ साली तसं यंत्र करून दाखवलं होतं. त्याचा व्हिडिओ नववीतल्या एकानं पाहिला होता. कानठळ्या बसवणारी शिटी लागत असेल, असं पोरांना वाटत होतं. लागतो तो खर्ज, ३० ते ६० हर्ट्‌झचा. वरातीत छातीत धडधडतो तोच. म्हणजे सामान गावातच होतं!

डीजेवाल्याचा बेस आणला. पुठ्ठ्याला भोक पाडून तो स्पीकरच्या तोंडाला चिकटवला, मोबाइलवरून ५० हर्ट्‌झ लावला. भोकासमोर धरलेली मेणबत्ती थरथरली, ज्योत आडवी झाली अन् गेली. वर्ग डोक्यावर घेतला पोरांनी. खर्जाच्या आवाजात हवा जोरानं मागंपुढं होते, जळणारा वाफेचा थर पातळ होतो आणि ज्योत वातीपासून सुटते, हे मी फळ्यावर काढून दाखवत होतो. बघतंय कोण!

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. म्हणाली, "सर, कापूस पेटवून पाहू ना."

घमेल्यात मूठभर रुई पेटवली, बेस जवळ आणला. जाळ पटकन गेला. पोरांनी टाळ्या पिटल्या, ती मात्र घमेल्यावर वाकून होती. काळ्या पडलेल्या रुईच्या कडेनं एक बारीक लाल रेघ आत आत सरकत होती, आणि दर धडधडीला फुलत होती. आवाज तिला भात्यासारखा वारा घालत होता.

"जिनिंगमंदी अशीच लागते सर. वरून इझली वाटते, पण कापसाच्या गाठीत धुमसतच राह्यते. बाबा म्हणते, गाठ फोडून पाणी मारा लागते."

बरोबरच होतं तिचं. आवाज ज्योत उडवतो, पण गार करत नाही. निखारा शिल्लक असला की जाळ पुन्हा धरतो. कापसाच्या मुलखात आगीचं खरं दुखणं तेच, आणि व्हिडिओत ते कुठं दिसणार?

प्रदर्शनाच्या तक्त्यावर तिनंच दोन रकाने आखले, 'विझते' आणि 'विझत नाही'. दुसऱ्यात पहिलं नाव रुईचं. परीक्षकांनी विचारलं, मग उपयोग काय याचा? "तेलाच्या दिव्याले चालते," ती म्हणाली, "कापसाच्या गंजीले नाही."