कोण? मी!

आमच्या दाराला एक बारकं भिंग आहे. बेल वाजली की आधी त्याला डोळा लावायचा, मग कडी, मग साखळी, असा घरातला क्रम. भिंगातून दिसणाऱ्या माणसाचं डोकं दुधी भोपळ्याएवढं आणि पाय काडीसारखे. कुरियरवाला असो की सख्खा मामा, पहिल्या नजरेला परग्रहावरचाच वाटतो.

आजोळच्या वाड्यात असलं काही नव्हतं. रात्री कडी वाजली की आजी अंथरुणातूनच ओरडायची, "कोण आहे?" बाहेरून उत्तर, "मी!" या उत्तरातून काडीचीही माहिती मिळत नाही, जगात 'मी' नसलेला कोण आहे? तरी आजी उठायची आणि कडी काढायची.

हे सगळं आठवलं ते लिऊ त्सिशिन या चिनी लेखकामुळे. 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' आणि तिच्या पुढच्या दोन कादंबऱ्या पावसाळ्यात सलग वाचल्या. हा गृहस्थ वीजकेंद्रात इंजिनिअर होता, आणि हिशेबही तसाच कोरडा मांडतो. जगायचं प्रत्येकालाच आहे, विश्वातला माल मात्र तेवढाच. समोरच्याच्या मनात काय आहे ते इतक्या प्रकाशवर्षांवरून कळायचं कसं? तेव्हा दिसला की उडवा. आकाश गप्प आहे ते रिकामं आहे म्हणून नव्हे. सगळे आपापल्या भिंगाला डोळा लावून, श्वास रोखून उभे आहेत. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला येणारी सूचना याहून फार वेगळी नसते.

पहिल्या भागात ये वेन्जिए नावाची बाई आहे. सांस्कृतिक क्रांतीत तिच्या डोळ्यांदेखत वडिलांना मारून टाकलेलं. एका लष्करी तळावर काम करताना तिला दुसऱ्या ग्रहावरून निरोप येतो: उत्तर देऊ नका. तोच तीनदा. पाठवणारा तिथला एक साधा कर्मचारी, १३७९ क्रमांकाच्या केंद्रावर कान लावून बसलेला. आपले लोक पृथ्वी गिळतील हे ठाऊक असल्याने, कधी न पाहिलेल्या परक्यांना तो सावध करतो. तिकडच्यांच्या लेखी तो देशद्रोहच. माणसांवरचा विश्वास उडालेली ये वेन्जिए उत्तर देते ते देतेच. कथा या बिचाऱ्यावरून भराभर पुढे जाते, मी मात्र तिथेच अडकलो. हजारो पानांच्या त्या थंड हिशेबात हा एक आकडा जुळत नाही.

तिसऱ्या भागातल्या चंग शिनला वाचक अजून शिव्या घालतात. त्या परग्रहवासीयांना धाक म्हणून ठेवलेलं बटण तिच्या हातात. दाबलं तर दोन्ही जगांचा पत्ता अंतराळभर जाहीर, म्हणजे आज ना उद्या दोघांचाही निकाल. सूत्रं हाती येऊन काही मिनिटं होत नाहीत तोच हल्ला होतो, आणि ती बटण दाबत नाही. मीही वाचताना ओरडलो होतो, "अगं दाब की!" रात्री झोप लागेना तेव्हा वाटलं, दाबणारी बाई आपल्याला शेजारीण म्हणून चालली असती का? शिवाय तिला निवडलं होतं माणसांनीच, तिच्या मायेकडे बघून. पुढे नावं ठेवली तीही त्याच मायेला.

गंमत म्हणजे पत्ता द्यावा की नाही, ही चर्चा आपण जरा उशिराच करतोय. १९७७ साली नासाच्या दोन व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी चढवली. तिच्या झाकणावर १४ पल्सार ताऱ्यांच्या (ठरावीक लयीत रेडिओलहरी सोडणाऱ्या) खुणेने आपल्या सूर्याचा ठावठिकाणा कोरलाय, पिनकोडच म्हणा. आत ५५ भाषांत नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठीही. पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा, आणि तुम्ही या जन्मी धन्य व्हा, असा त्याचा आशय. 'या जन्मी'! ऐकणाऱ्याला जन्म किती असतात, असतात तरी का, याची चौकशी न करता दिलेला आशीर्वाद. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर भैरवी गातात, 'जात कहाँ हो'. जिन्यात भेटलेल्या माणसाला आपण विचारतो तोच प्रश्न: कुठे निघालात? व्हॉयेजर १ उडालं ५ सप्टेंबरला, आणि ११ दिवसांनी केसरबाई गेल्या. आवाज अजून चाललाय. सुमारे ४०,००० वर्षांनी ते यान एका ताऱ्यापासून दीडेक प्रकाशवर्षावरून जाईल. तिथे कुणी भिंगाला डोळा लावून बसलं असेलच तर त्याला आपल्याकडून काय ऐकू येणार? "मी!" एवढंच.

परवा भर दुपारी बेल वाजली. भिंगात एक अनोळखी दुधी भोपळा.

"कोण?"

"मी!"

साखळी काढायला जरा वेळ लागला, ती अडकतेच. वरच्या मजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या बाई होत्या. विरजण मागायला आल्या होत्या, रिकाम्या हातांनी. आमच्या स्टीलच्या वाटीतून दिलं.

वाटी अजून परत आलेली नाही.