ऑक्टोबरातलं सागरेश्वर गुडघ्याखाली बघा

नुसती हरणंच बघायची असतील तर सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात उन्हाळ्यात जावं. तेव्हा गवत गेलेलं असतं आणि चितळं पाणवठ्यावर येतात. ऑक्टोबरात कमरेएवढ्या गवतातून कान हलताना दिसले तरी पुष्कळ. तरीही पायी फिरायला वर्षातला सगळ्यात भरलेला काळ हाच, फक्त नजर खाली ठेवायची.

अभयारण्य जेमतेम ११ चौरस किलोमीटरचं, देवराष्ट्रे गावाला लागून. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावली गेली, प्राणी आणून सोडले आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. माणसांनी उभं केलेलं जंगल म्हणून त्याचं मोल आम्हाला जास्त वाटतं.

सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. गेटवर नोंद करून शक्य तितक्या लवकर आत जा आणि ठरवून दिलेली वाट सोडू नका. पहाटेची गार हवा उतारावरून खाली वाहते. त्यामुळे सकाळी चढत गेलात तर वारं तोंडावर येतं आणि तुमचा वास मागे राहतो. ऊन तापलं की वारं उलटं, खालून वर. तेव्हा उतरायला लागायचं. हे चुकलं की कितीही गप्प चाला, सांबराला वर्दी आधीच पोचलेली असते. मग ते 'ढाँक' करून पाय आपटतं आणि आसपासचं सगळं रान सावध होतं.

या दिवसांत जास्तीत जास्त लोक वैतागतात ते कुसळांनी. कुसळी गवताच्या बीला सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस आणि पाठीला लांब काळपट शेपटी असते. ही शेपटी दवानं भिजली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यानं बी मातीत रुतत जातं. मोज्यातही ते तसंच रुततं. उलटं ओढलं तर केस अडकून टोक आतच तुटतं. म्हणून मोजा उलटा करून टोकाकडूनच पुढे ओढून काढा. लोकरी किंवा जाड सुती मोजे उघडे ठेवू नका, वरून गुळगुळीत कापडाची पँट हवी.

वाटेकडेला खुळखुळ्याची झुडपं दिसली की थांबा. शेंगा वाळून वाजायला लागलेल्या असतात, आणि सुकलेल्या पानांवर-शेंगांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, प्लेन टायगर फुलपाखरं चिकटून बसलेली सापडतात. इथं मध नसतो. बहुतेक नरच असतात ते. सोंड टेकवून झाडातली अल्कलॉइड नावाची कडू रसायनं शोषतात. त्यातूनच मादीला खेचणारा गंध तयार होतो, आणि पक्ष्यांना ती बेचव लागतात त्यातही या रसायनांचा हात असतो. इतकी गुंग असतात की हातभर अंतरावरून बघता येतात. सावली मात्र अंगावर पडू देऊ नका.

सुकत आलेल्या डबक्यांच्या काठी ठसे बघा. कोवळं ऊन ठशाच्या पलीकडून येईल असे उभे राहा, म्हणजे कडा उठून दिसतात. चितळाचा खूर साधारण ५ सेंमी, सांबराचा ७-८. रानडुकराच्या खुराची टोकं बोथट, आणि मऊ चिखलात मागे दोन बाजूंना उपखुरांच्या, म्हणजे मागच्या छोट्या खुरांच्या, खुणा उठतात. पांढरी पडलेली विष्ठा दिसली तर ती तरसाची असू शकते. हाडं खाल्ल्यामुळे तिला तो रंग येतो.

बिनपिसाऱ्याचे मोर दिसतील. ते आजारी नसतात, पावसाळ्यानंतर पिसं गळतात. गळालेलं पीसही उचलू नका, अभयारण्यातून काही नेणं कायद्यानं बंद आहे.

घोणस आणि फुरसं हे दोन्ही विषारी साप या रानात आहेत असं धरून चालावं. घोट्यावर जाणारे बूट घाला, दगड उलथू नका, बसण्याआधी जागा बघा. दंश झालाच तर आवळपट्टी न बांधता, हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठा. घरी आल्यावर काखा, जांघा आणि गुडघ्यामागे गोचीड तपासा. सापडला तर तेल किंवा चटका नको. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा.