उष्ट्या फुलांचा दिवस

रात्रीचे अडीच, लॅबमध्ये. सेंट्रिफ्यूज फिरतंय. पुढचं सॅम्पल येईपर्यंत लिहून घेते.

काल सर्वपित्री अमावस्या होती, म्हणजे आमच्या घरी बतुकम्माचा, तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणाचा, पहिला दिवस. आणि सकाळीच माझ्याकडून बिनसलं. नाइट संपवून सोलापूरजवळच्या कुंभारीला, घरी पोचेपर्यंत साडेनऊ झाले. पोटात आदल्या संध्याकाळच्या डब्यानंतर काही नव्हतं. स्वयंपाकघरात शिरले, फडक्यातली कडक भाकरी मोडली आणि शेंगाचटणीबरोबर उभ्याउभ्याच खाल्ली. अंघोळ नाही, देवापुढं दिवा नाही. वळून बघते तर दारात अत्तम्मा, माझ्या सासूबाई. काही न बोलता आत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार वर्षं झाली लग्नाला. कोरेगावहून या तेलुगू पद्मशाली घरात आले तेव्हा वाटलं होतं, या घरातली पहिली कमावती सून मीच. किती चुकीचं होतं ते! अत्तम्मा दहाव्या वर्षापासून विड्या वळतात. तेंदूची पानं रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, टोक दुमडायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार. पंचवीसचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे. कारखान्यात चेकरनं बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. २००६ साली इथं विडी कामगारांची १० हजार घरांची वसाहत झाली, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. त्यातलं आमचं घर अत्तम्मांच्या नावावर आहे. हप्ते त्यांनी फेडले. भिशी, सोनं, नणंदेचं लग्न, सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात.

माझ्या माहेरी बायका-पुरुष एका पंगतीला बसतात. मला दादांनी, माझ्या वडिलांनी, हौसेनं डीएमएलटीला, लॅब टेक्निशियनच्या कोर्सला घातलं. पण माझ्या आईला भाजीला शंभर रुपये लागले तरी ती दादांच्या खिशाकडं बघते. तिच्या नावावर घर नाही की गुंठाभर जमीन नाही. हे मला इथं आल्यावर दिसलं. त्याआधी कधी मोजलंच नव्हतं.

तरीही अत्तम्मांचं सगळं मला पटत नाही, आणि पटल्यासारखं मी दाखवणारही नाही. घराची मालकीण असून त्या सगळ्यांच्या शेवटी जेवतात. त्यांचे मोठे दीर आले की खुर्चीवरून उठतात. कमवायला त्यांची ना नाही, पण उंबऱ्याच्या आत बसून. "रातचं काम बाईला कशाला?" हे मी महिन्यातून दोनदा ऐकते. आणि सूर्य उगवायच्या आत दारात सडा आणि मुग्गू, म्हणजे रांगोळी, सुनेच्याच हातचा हवा. सून त्या वेळी कुणाचं तरी रक्त तपासत असते.

संध्याकाळी फुलं रचायला बसलो. गुनुगू आणि तंगेडू. पहिल्या वर्षी ही नावं ऐकून बावरले होते, मग बघितलं तर आमच्याकडचा कुरडू आणि तरवड! कोरेगावला बांधावर उगवतात, कुणी वळून बघत नाही. इथं त्यांचीच देवी होते. पितळी ताटात एकावर एक थर लावताना अत्तम्मांची बोटं बघत राहिले. अंगठा आणि तर्जनीची टोकं गुळगुळीत, रेषाच नाहीत. रेशनला गेल्या की मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. त्या पदराला पुसून पुन्हा ठेवतात, पुन्हा पुसतात. मागची रांग कुरकुरते. मी एकदा सोबत होते. अजून डोळ्यांपुढून जात नाही.

सहज विचारलं, आजच्या दिवसाला एंगिली का म्हणता? एंगिली म्हणजे उष्टं ना?

"कुणी म्हणतात, कालची तोडलेली फुलं म्हणून. कुणी म्हणतात, आज बाया आधी खाऊन मग खेळतात म्हणून."

"मग मी सकाळी खाल्लं ते चाललं?"

त्यांनी कुरडूचा देठ दातानं तोडला. "तोंड धुवून खायचं असतंय की," म्हणाल्या. आणि हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

फेर धरून, विसर्जन करून आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पुरुष अजून यायचे होते. अत्तम्मांनी माझं ताट वाढलं. "बस. ड्युटी हाय तुला." मी म्हटलं, तुम्हीपण बसा. नाही बसल्या. भांडी आवरत राहिल्या. मी जेवले, पण घास गोड लागला नाही. हात धरून बसवायला हवं होतं का? तेवढा हक्क माझा झालाय का, कळत नाही.

खरा राग नवऱ्यावर आहे. या सगळ्यात तो नसतोच. आईच्या आणि माझ्यामध्ये काही सुरू झालं की त्याला गाडीत पेट्रोल टाकायचं आठवतं. निघताना त्याला सरळ सांगितलं, मी नाइटला असले की सडा तू टाकायचा. तो आईकडं बघायला लागला. अत्तम्मा म्हणाल्या, "गडी माणसानं मुग्गू काढला तर गल्ली काय म्हणंल?" तो गप्प. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "सडा टाकू दे. मुग्गूचं बघू."

माझी ड्युटी आठला सुटते. दारात काय असेल, घरी गेल्यावर कळेल.