एल्फांचा डेक स्पर्धेसाठी बांधताना: माझा अनुभव

'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांचा कुठल्या ना कुठल्या टोळीवर जीव जडलेला असतो. कुणाचा गॉब्लिनांवर, कुणाचा झाँबींवर, कुणाचा ड्रॅगनांवर. माझा एल्फांवर. १९९३ साली हा खेळ आला तेव्हाच्या पहिल्याच संचात 'लानोवार एल्व्ह्ज' हे कार्ड होतं. एक हिरवा मॅना (कार्ड उतरवायला लागणारी जादूची शक्ती) मोजून उतरवायचं आणि पुढच्या टर्नपासून दर टर्नला त्याच्याकडून एक मॅना घ्यायचा. ताकद एक, जीव एक. एकटं असलं की ते कुणाच्या खिजगणतीतही नसतं, पण शेजारी आणखी चार एल्फ येऊन बसले की समोरचा सावरून बसतो. या खेळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट हीच.

नोकरीसाठी जर्मनीत आल्यावर घराजवळच्या खेळांच्या दुकानात दर आठवड्याला 'पॉपर' प्रकाराची स्पर्धा होते असं कळलं. तिथे बसायचं तर एल्फ घेऊनच, हे लगेच ठरलं. पॉपरचा नियम सोपा आहे: जे कार्ड कधी ना कधी 'कॉमन', म्हणजे सहज मिळणाऱ्या वर्गातलं, म्हणून निघालंय तेवढंच चालतं. ऑनलाइन हा प्रकार बरीच वर्षं खेळला जात होता, २०१९ मध्ये कागदी कार्डांसाठीही त्याला अधिकृत मान्यता मिळाली. डेक, म्हणजे खेळायला निवडलेला गठ्ठा, किमान ६० पानांचा, साइडबोर्डची (दोन डावांच्या मध्ये डेकशी अदलाबदल करायची) वेगळी १५ पानं, आणि बेसिक लँड (मॅना देणारी साधी जमिनीची कार्डं) सोडल्या तर एका नावाची जास्तीत जास्त चार. पानं स्वस्त आहेत म्हणून खेळ लेचापेचा असेल असं कुणी समजू नये. तीस वर्षांतल्या कॉमन कार्डांतून तावूनसुलाखून निघालेले डेक समोर असतात.

टोळीचा डेक म्हटला की त्या टोळीचं दिसेल ते कार्ड घालावंसं वाटतं. चित्र देखणं आहे, नावात एल्फ आहे, मग घ्या. असा डेक घरी मित्रांसोबत खेळायला छान असतो, स्पर्धेत मात्र उभा राहत नाही. म्हणून मी प्रत्येक पानाला एकच प्रश्न विचारायचं ठरवलं: हे पान एल्फांची संख्या वाढवतं का, किंवा त्या संख्येचा फायदा घेतं का? दोन्ही नसेल तर कितीही आवडतं असलं तरी बाहेर. या चाळणीतून बरीच लाडकी पानं गेली. एकेकाची ताकद वाढवणारे मंत्र गेले, धनुष्यं गेली. टोळी फक्त नावापुरती नको होती. टोळी आहे म्हणूनच डाव जिंकला, असं व्हायला हवं होतं.

पहिला हिशोब पहिल्या टर्नचा. मॅना देणारा एल्फ पहिल्याच टर्नला उतरला तर हा डेक पळतो, नाहीतर रांगतो. असे ८ एल्फ डेकमध्ये असतील तर सुरुवातीच्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता साधारण ६५ टक्के. १२ असतील तर ८१ टक्के. पण एका नावाची चारच पानं चालत असताना बारा आणायची कुठून? इथे खेळाचं वय कामी येतं. लानोवार एल्व्ह्ज, १९९५ च्या 'आइस एज'मधले फिंडहॉर्न एल्व्ह्ज आणि २०१३ मध्ये आलेला एल्विश मिस्टिक, ही तिन्ही कार्डं कामाला तंतोतंत सारखी आहेत, नावं तेवढी वेगळी. चार-चार घेतली की बारा.

लँडच्या बाबतीत १३ फॉरेस्ट (हिरवा मॅना देणारी लँड) आणि ४ 'लँड ग्रँट' असा मेळ बसवला. हातात एकही लँड नसेल तर समोरच्याला आपली पानं उघडून दाखवायची आणि डेकमधून एक फॉरेस्ट फुकटात उचलायचं, असं हे कार्ड आहे. दोन्ही मिळून १७, म्हणजे सात पानांत यांपैकी एकही न येण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास. निळ्या रंगाच्या, म्हणजे आपली कार्डं उतरतानाच अडवणाऱ्या, खेळाडूला हात दाखवणं जिवावर येतं, कारण नेमकं काय अडवायचं ते त्याला कळतं. तरी लँडशिवाय बसून राहण्यापेक्षा ते परवडतं.

आता डेकचं इंजिन. हा भाग मी दहा जणांना तरी सांगितला असेल आणि अजून सांगायचा कंटाळा येत नाही. १९९८ च्या 'अर्झाज सागा'मधली 'प्रीस्ट ऑफ टिटानिया' टॅप केली (आडवी करून वापरली) की टेबलावर जितके एल्फ तितका मॅना देते. आणि 'क्विरियन रेंजर' आपलं एक फॉरेस्ट हातात परत घेऊन कुठलाही एक क्रीचर (लढणारं पात्र) पुन्हा उभा करतो, टर्नमध्ये एकदाच. दोघं एकत्र आले की काय होतं बघा. पहिल्या टर्नला फॉरेस्ट आणि लानोवार. दुसऱ्या टर्नला दुसरं फॉरेस्ट, तीन मॅना, त्यात प्रीस्ट आणि रेंजर. तिसऱ्या टर्नला हातात नवी लँड नाही असं धरू. दोन फॉरेस्टचे दोन, लानोवारचा एक, प्रीस्टचे तीन, झाले सहा. मग रेंजरने टॅप झालेलं फॉरेस्ट हातात घ्यायचं, प्रीस्ट पुन्हा उभी, आणखी तीन. तेच फॉरेस्ट त्या टर्नची लँड म्हणून खाली ठेवायचं, आणखी एक. दोन लँडवर तिसऱ्या टर्नला दहा मॅना! तेवढ्यात 'लिस अलाना हंटमास्टर' उतरतो, जो पुढच्या प्रत्येक एल्फागणिक एक फुकटचा एल्फ टोकन (डेकबाहेरचा, टेबलावर मांडायचा एल्फ) देतो. वर तीन-चार लहान एल्फही बसतात.

शेवटचा घाव 'टिंबरवॉच एल्फ'चा. टॅप केला की टेबलावरच्या एल्फांच्या संख्येइतकी ताकद एका क्रीचरला मिळते. म्हणून आधी सगळ्यांनी हल्ला करायचा, समोरच्याने कुणाला अडवायचं ते ठरवू द्यायचं, आणि मग न अडवलेल्या एखाद्या चिमुरड्याला मोठं करायचं. रेंजर सोबत असेल तर हे दोनदा होतं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो एल्फ नसलेल्या पानांवर. लँड आणि लँड ग्रँट सोडून अशी सातच पानं मी ठेवली: चार 'लीड द स्टॅम्पीड' आणि तीन 'वाइंडिंग वे'. स्टॅम्पीडमध्ये डेकची वरची पाच पानं बघायची आणि त्यातले सगळे क्रीचर हातात घ्यायचे. ६० पैकी ३६ क्रीचर असतील तर पाचात सरासरी तीन मिळतात, ३० वर आलो की अडीच. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण अडचणीच्या डावात तेच अर्धं पान जिंकवतं किंवा हरवतं. त्यामुळे 'हे एक उपयोगी पान घालून बघू' म्हणताना दरवेळी आपण स्टॅम्पीडची धार बोथट करत असतो. उपयोगी काम एल्फाकडूनच करून घेता आलं तर फार बरं. 'मास्क्ड व्हँडल' मला म्हणूनच सापडला. तो चेंजलिंग आहे, म्हणजे सगळ्याच टोळ्यांचा, म्हणजे एल्फही. आपल्या ग्रेव्हयार्डमधला (बाद पानांच्या ढिगातला) एक क्रीचर खर्ची घालून तो समोरच्याचं आर्टिफॅक्ट (जादूची वस्तू) किंवा एंचांटमेंट (टिकून राहणारा मंत्र) खेळातून कायमचं काढतो. आर्टिफॅक्टांवर चालणाऱ्या अॅफिनिटी डेकच्या दुरंगी आर्टिफॅक्ट लँड नष्ट करता येत नाहीत, पण अशा काढता येतात. मुख्य डेकमध्ये दोन व्हँडल घातले.

खरेदी कार्डमार्केटवरून केली. युरोपभरातले विक्रेते तिथे असतात, बरीच कॉमन कार्डं सेंटांत मिळतात, मात्र टपालखर्च प्रत्येक विक्रेत्याचा वेगळा. त्यामुळे सगळ्यात स्वस्त पान शोधण्यापेक्षा जास्तीत जास्त पानं एकाच विक्रेत्याकडे शोधणं शहाणपणाचं. साइटवरचं शॉपिंग विझार्ड हा मेळ बऱ्यापैकी घालून देतं. पानांची अवस्था मी 'एक्सलंट'पर्यंत चालवून घेतली. स्लीव्ह (पानांवरची प्लास्टिकची आवरणं) मात्र सगळ्या एकाच पाकिटातल्या, नव्या कोऱ्या. काही स्लीव्ह झिजल्या आणि पाठीमागून पान ओळखू यायला लागलं, तर स्पर्धेत ती खुणेची पानं धरली जातात.

पानं येईपर्यंत सरावाला कागदी छापे वापरले. पुण्यातला मामेभाऊ हा खेळ माझ्याइतक्याच मनापासून खेळतो. दोघांनी फोनचे कॅमेरे टेबलावर रोखले आणि रविवार सकाळी डाव मांडले. मी त्याला मुद्दाम एल्फांच्या मुळावर उठणारे डेक घ्यायला लावले. त्यातला सर्वांत घातक काळ्या रंगाचा, 'क्रिप्ट रॅट्स'वाला. तीन मॅनाचं हे कार्ड आणि वर जितका काळा मॅना ओताल तितकं नुकसान सगळ्या क्रीचरांना आणि दोन्ही खेळाडूंना.

"दादा, माझी चौथी लँड आली," तो म्हणाला. "तीन रॅट्सला, एक वरचा. आता मोज तुझे किती उरले ते."

माझे बहुतेक एल्फ एका जीवाचे, त्यामुळे मोजायला फारसं काही उरलं नव्हतं. मग आम्ही फक्त हाच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळलो: त्याच्या चौथ्या लँडच्या आधी मी किती एल्फ टाकायचे आणि किती राखायचे. त्यातून निघालेला नियम अजून पाळतो. समोर तीन काळ्या लँड दिसल्या की हंटमास्टर आणि एक स्टॅम्पीड हातात राहतात, मॅना वाया गेला तरी चालेल. साइडबोर्डमधलं 'स्पायडरसिल्क आर्मर' सगळ्यांना एकेक जीव वाढवून देतं, म्हणजे त्याला आणखी एक मॅना लागतो, म्हणजे मला आणखी एक टर्न मिळतो.

स्पर्धेत नेमकं हेच समोर आलं. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, जुन्या, पिवळट पडलेल्या किनारीची पानं पिसणारे. एक-एक बरोबरी, तिसरा डाव. माझ्याकडे चार फॉरेस्ट, लानोवार, प्रीस्ट आणि टिंबरवॉच. सगळं टाकण्याइतका मॅना होता, तरी हंटमास्टर आणि स्टॅम्पीड मी हातातच ठेवले. त्यांनी चौथी स्वॅम्प (काळा मॅना देणारी लँड) ठेवली, रॅट्स उतरवले, एक मॅना ओतला. लानोवार आणि प्रीस्ट गेले, रॅट्सही गेले, दोन जिवांचा टिंबरवॉच तेवढा तगला. मग मी हंटमास्टर उतरवला. त्यांनी 'चेनर्स एडिक्ट' टाकून माझ्याकडून एक क्रीचर मागितला, मी टिंबरवॉच दिला. पुढच्या टर्नला स्टॅम्पीडमधून चार एल्फ हातात आले. एक लगेच उतरला, सोबत त्याचं टोकन. त्यापुढच्या टर्नला आणखी तीन, त्यांत दुसरा टिंबरवॉच आणि रेंजर, सोबत तीन टोकन. टेबलावर नऊ एल्फ झाले. त्यानंतरच्या हल्ल्यात एका न अडवलेल्या टोकनला नऊ आणि पुन्हा नऊ मिळाले. एकोणीस ताकदीचं ते टोकन बघून गृहस्थांनी हात पुढे केला आणि मी हातात काय राखलं होतं ते आवर्जून विचारून घेतलं.

त्या संध्याकाळी एकच सामना गेला, तो अॅफिनिटीकडून. 'क्रार्क-क्लॅन शामन' एकेक आर्टिफॅक्ट बळी देऊन न उडणाऱ्या सगळ्या क्रीचरांना एकेक मार देतो. तिथे आर्मरही फार काळ पुरत नाही, दोन आर्टिफॅक्ट खर्चले की काम झालं. त्या डेकविरुद्ध आता मी साइडबोर्डमधून उरलेले दोन व्हँडलही आत घेतो आणि सुरुवातीपासून त्यांच्या लँडच काढायला लागतो, म्हणजे शामनला बळी द्यायला कमी उरतं.

सध्या एक वाइंडिंग वे काढून 'डिस्टंट मेलडी'चं एक पान घालून बघतोय. ते निळं आहे आणि डेकमध्ये निळी लँड एकही नाही, पण 'बर्चलोर रेंजर्स' दोन एल्फ टॅप करून हव्या त्या रंगाचा मॅना देतात, त्यामुळे ते उतरवता येतं. 'एल्फ' म्हणायचं आणि आपल्या टेबलावर जितके एल्फ तितकी पानं उचलायची. मामेभावाचं म्हणणं, आधीच जिंकत आलेल्या डावातच ते चालतं. मला वाटतं, रॅट्सच्या आधी एकदा जरी ते टाकता आलं तर पुढचे दोन टर्न हात भरलेला राहील. रविवारी पुन्हा काळ्या डेकसमोर बसणार आहोत.